उक्तं

एका दस्ताचे अडीच हजार. उक्ते.
पानं दोन असोत की बावीस,
अक्षर मोत्यांचं असो,
की झुरळ शाईत बुडून कागदावरून गेल्यासारखं.
म्हापशात, हार्डवेअरच्या दुकानावर माझी खोली.
खाली दिवसभर पत्रा कापतात,
वर मी जुनी पोर्तुगीज मराठीत आणते.
गिऱ्हाइकाला उक्तं आवडतं.
आकडा एकदा कानावर पडला
की तो खुर्चीत पाठ टेकून बसतो.

तरी मी वेळ लिहिते.
डायरीच्या मागच्या बाजूनं, पेन्सिलीनं.
बसले किती वाजता, उठले किती वाजता.
चहा वजा.

भाचा जीएसटी भरायला येतो. म्हणतो,
मावशी, तासाचे पैसे घेत नाहीस,
मग तास कशाला मोजतेस?
मी म्हणते, सवय.
त्याला खरं वाटत नाही. मलाही नाही.

एर्मेलिंदा बायची वाटणी, सन एकतीसची:
पाच तास दहा मिनिटं.
त्यातली पन्नास एकाच ओळीवर,
जिथं वाळवीनं नेमकं क्रियापद खाल्लेलं.
विहिरीच्या पाण्यावर अर्धा हक्क,
शनिवारी, उजाडल्यापासून दुपारपर्यंत,
धाकट्याला दिला, की थोरल्यानं राखला?
भिंगाखाली एका अक्षराची शेपटी तेवढी उरली होती.
तिच्यावर विसंबून लिहिलं: राखला.
बाय नोटा मोजताना म्हणाली,
विहीर तर कधीच बुजवली गो,
वर आता झिलाची गाडी उभी असते.

शांबा पार्सेकराचा दस्त: अठरा मिनिटं.
ठरीव मजकूर, ओळखीचा नोटरी,
मागच्या साली त्याच्याच भावाचा केला होता,
नावं तेवढी बदलली.
अडीच हजार.
फोन मात्र दुसऱ्या दिवशी केला,
आवाज जरा दमलेला काढून.
डायरीत अठराच लिहिलं.
तिथं खोटं लिहवत नाही.

मार्चअखेर बेरीज केली.
तासाला दोनशे चौदा.
चिरे रचणारा मेस्त याहून जास्त घेतो,
शिवाय त्याची भिंत दिसते.
दर वाढव, भाचा म्हणाला.
वाढवला. बिल्डरांना,
आणि ज्यांना सगळं उद्याच हवं असतं त्यांना.
वाळवी लागलेल्यांना अडीचच.
पेन्सिल स्पष्ट सांगते,
जी कामं जीव लावून केली तीच बुडीत गेली.
भाच्याला ते पान दाखवलं नाही.

उबाल्दो सरांना जाऊन दोन वर्षं झाली.
मुलगी स्विंडनला परत निघाली तेव्हा
त्यांच्या वह्यांची पेटी माझ्या जिन्यात ठेवून गेली,
म्हणाली, तुलाच वाचता येईल.
पाववाल्याचा हिशेब, कोंबड्यांची अंडी,
पेन्शनीसाठी केलेल्या अर्जांच्या नकला,
आणि एका वहीवर माझं नाव,
शेवंती, त्यांच्या पद्धतीनं एक्सपासून सुरू केलेलं.

आत मंगळवार, शुक्रवार. मंगळवार, शुक्रवार.
चार वर्षं.
कधी दीड तास, कधी पावणेदोन,
एकदा नुसतं 'ताप, परत पाठवली'.
आईनं ठरवली होती फी, वर्षाचे तीनशे, उक्ते.
घासाघीस करून, त्यांच्या बल्कांवावर उभ्याउभ्याच.
मला तेव्हा लाज वाटली होती,
त्यांनी मान डोलावून आत बोलावलं होतं.

शेवटच्या पानावर बेरीज,
खाली दोन रेघा मारलेल्या:
सहाशे अकरा तास, वीस मिनिटं.
शेजारी पैशांचा रकाना.
पट्टीनं आखलेला, कोरा.

ती वरची वीस मिनिटं कुठली
ते आठवत बसले.
खालचा पत्रा थांबला, जेवणाची वेळ झाली असावी.
मग आठवलं. शेवटचा शुक्रवार.
मी उठले होते, पिशवी खांद्याला होती,
आणि त्यांनी 'देणे'ची सगळी रूपं
परत एकदा म्हणून घेतली होती,
दोव, दाश, दा,
दारातच, चपला घालता घालता.

तेही धरलंय त्यांनी.